न धावलेल्या फेरीचा हिशेब

१

अहिल्यानगरहून पाथर्डीकडे निघालेली गाडी करंजीचा घाट उतरली की थोड्याच वेळात तिसगाव येते. गर्भगिरीच्या डोंगररांगेच्या उत्तरेला, पाथर्डी तालुक्यातले हे बाजाराचे गाव. शेवगावकडे जाणारा रस्ता येथे फुटतो. मढीच्या कानिफनाथांना, वृद्धेश्वराला, मोहटादेवीला जाणारे भाविक याच वाटेने जातात. गावातून जाणारा रस्ता कागदोपत्री राष्ट्रीय महामार्ग आहे. पूर्वी त्याचा क्रमांक २२२ होता, आता ६१ आहे. कल्याणहून निघून माळशेज घाट चढून तो नगर, पाथर्डी, परभणी, नांदेड करीत तेलंगणातील निर्मळकडे जातो.

अशा गावाला वाहतूक म्हणजे नुसती सोय नसते. मोठा दवाखाना, न्यायालय, तहसील कचेरी यांतले जे गावात नाही ते पाथर्डीला किंवा नगरला असते, आणि तिथवर पोचायला लागणारा वेळ आणि पैसा हाच त्या सोयीचा खरा भाव असतो. शिवाय पाथर्डी हा ऊसतोड कामगारांचा तालुका. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील कुटुंबे कारखान्यांच्या वाटेला लागतात. ती ट्रकमधून आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जातात. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले. एसटीवर सर्वस्वी अवलंबून असलेला वर्ग असे ज्याला म्हणतात, तो हाच.

प्रस्तुत लेखापुढचा प्रश्न साधा आहे. अशा गावातल्या माणसाने वाहतुकीविषयी शासनाला जाब विचारायचा, तर तो कोणत्या कागदावर बोट ठेवून विचारायचा? साहित्याच्या मासिकात हा प्रश्न मांडण्याला कारण आहे. शासनाचा व्यवहार शेवटी गद्यातच चालतो. कायदा, अंदाजपत्रक, श्वेतपत्रिका, शासन निर्णय, आश्वासन ही सगळी गद्याचीच रूपे. त्यांत कर्ता कोण आहे, क्रियापद कोणते आहे आणि काय लिहायचे टाळले आहे, हे पाहण्याची सवय वाङ्मयाच्या वाचकाला असते. ती सवय या कागदांकडे वळवावी, एवढाच या लेखाचा खटाटोप.

माझे म्हणणे आधीच सांगतो. पैसे किती मंजूर झाले आणि किती खर्च झाले याचे कागद आपल्याकडे विपुल आहेत. त्या पैशातून कोणत्या थांब्यावर, कोणत्या वेळी, कोणती सेवा पोचली याचा कागद लोकांसमोर येत नाही. जाब विचारण्याची आपली भाषा पहिल्या प्रकारच्या कागदांवर पोसलेली आहे, आणि म्हणूनच ती सत्तेला कधी फारशी अडचणीची ठरत नाही.

२

राज्य परिवहनाचा इतिहास नगरकरांना परका नाही. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी धावली ती पुणे-अहमदनगर मार्गावर. त्याआधी रस्त्यांवर खाजगी सर्व्हिस गाड्या होत्या. प्रवासी भरले की निघायचे, न भरले तर थांबायचे, हा त्यांचा रिवाज. सरकारी गाडी आली म्हणजे नेमके काय आले? वेळापत्रक आले. गाडी भरो न भरो, ती अमुक वेळेला निघेल, ही हमी आली. राज्याने वाहतुकीच्या धंद्यात पडण्याचे समर्थन या हमीत आहे. ती काढून घेतली तर सरकारी गाडी आणि काळीपिवळी जीप यांत रंगाखेरीज फरक उरत नाही.

१९५० चा मार्ग परिवहन महामंडळ कायदा या संदर्भात नीट वाचण्यासारखा आहे. त्याच्या कलम १८ नुसार कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि सुसूत्र वाहतूक व्यवस्था पुरवणे हे महामंडळाचे सर्वसाधारण कर्तव्य ठरते. कलम २२ नुसार महामंडळाने आपला कारभार व्यावसायिक तत्त्वांवर चालवायचा असतो. कलम ३४ नुसार राज्य शासन महामंडळाला सर्वसाधारण निर्देश देऊ शकते. कलम ३५ नुसार महामंडळाने आपल्या कामाचा वार्षिक अहवाल शासनाला द्यायचा आणि शासनाने तो विधिमंडळापुढे ठेवायचा.

या चार कलमांत एक जुना ताण आहे. पुरेशी सेवा द्या, असे एक कलम सांगते, आणि दुसरे सांगते की धंदा म्हणून चालवा. डोंगराच्या कडेच्या वाडीवर रात्री मुक्कामाला जाणारी गाडी पहिल्या कलमाला धरून आहे, दुसऱ्याला धरून नाही. कायद्याने हा ताण मिटवला नाही. तो मिटवण्याचे काम शासनाच्या निर्देशांवर आणि विधिमंडळाच्या देखरेखीवर सोपवले. म्हणजे कुठली गाडी तोट्यात चालवायची आणि त्या तोट्याचे पैसे कोणी द्यायचे, हा निर्णय उघडपणे, नोंद करून व्हावा अशी योजना होती. पुढच्या काळात हा निर्णय उघडपणे होण्याऐवजी आगाराच्या फाटकाशी, रोज पहाटे, गाडी उपलब्ध आहे की नाही यावर होऊ लागला. तो कोणी घेतला हे सांगता येत नाही, कारण तो निर्णय म्हणून कुठे घेतलेलाच नसतो.

३

जून २०२५ मध्ये राज्य शासनाने एसटी महामंडळाच्या आर्थिक स्थितीवर श्वेतपत्रिका काढली. संचित तोटा १० हजार कोटी रुपयांच्या वर गेल्याचे तीत मान्य केले आहे. अपुरी बससंख्या, अनियमित फेऱ्या, तोट्यातील मार्ग, अवैध वाहतूक, करोनाचा काळ आणि कर्मचाऱ्यांचा संप अशी कारणे सांगितली आहेत. शासनाने आपल्याच उपक्रमाची अवस्था छापून लोकांपुढे ठेवली, याचे श्रेय द्यायला हवे. पण हा कागद समीक्षकाच्या डोळ्यांनी वाचला तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. त्याचा नायक महामंडळ आहे. तोटा महामंडळाला झाला, देणी महामंडळाची थकली, उत्पन्न महामंडळाचे घटले. अनियमित फेऱ्या हे त्यात महामंडळाच्या तोट्याचे कारण म्हणून येते. त्याच अनियमित फेऱ्यांमुळे प्रवाशाचा काय तोटा झाला, हा त्या कागदाचा विषयच नाही.

हा केवळ लेखनाचा दोष नव्हे. हिशेबाचे एककच तसे निवडलेले आहे. एक उदाहरण घेऊ. समजा, पाथर्डी आगाराची एखाद्या आडगावची सकाळची फेरी रद्द झाली. आगाराच्या वहीत ते रद्द किलोमीटर म्हणून नोंदले जाते. डिझेल वाचले, टायरची झीज वाचली. त्या फेरीचे भारमान मुळात कमी असेल तर तिचे उत्पन्न खर्चापेक्षा कमीच असणार, म्हणजे ती रद्द झाल्याने तोटा वाढण्याऐवजी थोडा घटला. आता दुसऱ्या बाजूने पाहा. त्या गाडीने तिसगावच्या शाळेत येणारी मुलगी त्या दिवशी आली नाही, किंवा घरच्यांनी जीपचे पैसे दिले. पंच्याहत्तरी ओलांडलेले आजोबा दवाखान्यात गेले नाहीत. ही रक्कम कोणत्याच वहीत चढत नाही. न धावलेली गाडी सरकारी हिशेबात बचत ठरते आणि गावाच्या हिशेबात खर्च. दोन हिशेब एकमेकांना कधी भेटत नाहीत.

सवलतींचे पाहिले की हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत झाला. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास मिळाला. ग्रामीण भागातील विद्यार्थिनींना शाळेसाठी मोफत पास देणारी योजना त्याआधीपासून आहे. तिला नाव अहिल्याबाई होळकरांचे आहे, ज्यांचे नाव आता या जिल्ह्यालाही आहे. सवलतीची रक्कम शासनाने महामंडळाला भरून द्यायची असते. या योजना चांगल्या आहेत आणि त्यांचा लाभ खरोखर झाला आहे. पण सवलतीचा हिशेब उभा असतो तो विकल्या गेलेल्या तिकिटांवर आणि दिलेल्या पासांवर. ज्या वाडीवर गाडीच जात नाही, तिथल्या बाईला अर्ध्या तिकिटाची सवलत कायद्याने पूर्ण मिळालेली आहे आणि प्रत्यक्षात शून्य मिळालेली आहे. ती वाडी लाभार्थींच्या संख्येत दिसणार नाही, आणि वंचितांच्या संख्येतही दिसणार नाही, कारण वंचितांचा रकानाच नाही. ज्या गावांना गाड्या अधिक, त्यांच्याकडे अनुदानाचा पैसा अधिक वळतो, हे या रचनेचे सरळ गणित आहे.

दुसरीकडे एसटीच्या तिकिटावर राज्य शासन १७.५ टक्के प्रवासी कर घेते. म्हणजे शासन एका हाताने सवलतीची भरपाई देते आणि दुसऱ्या हाताने तिकिटावर कर घेते. या कराचा संबंध वाहतुकीच्या सेवेशी जोडलेला नाही. तो राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो. याच्या उलट उदाहरण महाराष्ट्रानेच घालून दिलेले आहे. १९७२ च्या दुष्काळात नगरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यांत लोकांनी रस्त्यांवर खडी फोडली. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि तिच्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर लावण्यात आला. जमा झालेल्या कराइतकीच भर राज्याने घालायची, असा नियम होता. शहरातल्या नोकरदाराने भरलेला कर कोणत्या कामासाठी आहे हे कायद्यात लिहिलेले होते, म्हणून त्या निधीतून किती काम निघाले असे नेमके विचारता येत होते. प्रवासी कराबाबत तसे विचारताच येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, तेव्हाही चर्चा झाली ती वाढ किती यावर. वाढीच्या बदल्यात कोणत्या आगाराच्या किती रद्द फेऱ्या पुन्हा सुरू होणार, असा करार भाडेवाढीला जोडावा, हे विरोधकांनाही फारसे सुचले नाही.

४

आता सरकारी कागदांकडून राजकारणाच्या बोलीकडे वळू. आपल्या जिल्ह्यांच्या सार्वजनिक जीवनातले सर्वांत वजनदार क्रियापद कोणते, असे विचारले तर मी 'आणणे' असे सांगेन. अमुक नेत्याने तालुक्यासाठी इतके कोटी आणले. निधी आणला, रस्ता आणला, पाणी आणले. आणलेली वस्तू ही आणणाऱ्याची भेट असते, तिचा हिशेब मागणे हे अविनयाचे वाटते. ज्या लोकांनी कर भरला, तिकिटावर कर दिला, दुष्काळात त्याच रस्त्याची खडी फोडली, ते लोक या वाक्यात कुठेच येत नाहीत. ते फक्त आभाराच्या फलकावर येतात.

या क्रियापदामागे ठरलेल्या विधींची एक साखळी आहे. तत्त्वतः मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, भूमिपूजन, कार्यारंभ आदेश, आणि शेवटी लोकार्पण. प्रत्येक पायरीला बातमी होते, आणि एकच रस्ता वाचकाच्या मनात पाच-सहा वेळा पूर्ण होतो. मधल्या काळात तो अर्धवट उखडलेला असतो, त्यासाठी मात्र या शब्दकोशात शब्द नाही. असलाच तर तो 'काम प्रगतिपथावर' हा आहे. 'कार्यवाही सुरू आहे' या वाक्यात कार्यवाही करणारा कोण, ती कधी सुरू झाली आणि कधी संपेल, या तिन्ही गोष्टी सफाईने वगळलेल्या असतात.

तिसगावातून जाणाऱ्या महामार्गाची गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. नगर-पाथर्डी भागातले त्याचे काम वर्षानुवर्षे रखडले. डिसेंबर २०२२ मध्ये पारनेरचे तत्कालीन आमदार नीलेश लंके यांनी जिल्ह्यातील राष्ट्रीय महामार्गांच्या रखडलेल्या कामांसाठी नगरला जिल्हाधिकारी कार्यालयासमोर उपोषण केले, त्यात हा मार्गही होता. तत्कालीन विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी मध्यस्थी केली, आणि केंद्रीय रस्ते मंत्री नितीन गडकरी यांच्या आश्वासनानंतर उपोषण सुटले. आंदोलनाने प्रश्नाला तोंड फोडले, हे निर्विवाद. पण त्याचे फलित ज्या रूपात आले ते पाहण्यासारखे आहे. ते आश्वासनाच्या रूपात आले.

आश्वासनाचे दोन प्रकार असतात. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन नोंदले जाते. लोकसभेची शासकीय आश्वासनांची समिती त्याचा पाठपुरावा करते, आणि ते तीन महिन्यांत पुरे व्हावे असा दंडक आहे. राज्याच्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. दुसरे आश्वासन मांडवात, व्यासपीठावर किंवा दूरध्वनीवरून दिलेले. ते अधिक भावपूर्ण असते, त्याला टाळ्या मिळतात, त्याने उपोषण सुटते. पण ते कोणत्याही समितीच्या वहीत चढत नाही. सभागृहातील एक रुक्ष तारांकित प्रश्न आणि त्याचे लेखी उत्तर यांना मांडवातल्या दहा आश्वासनांपेक्षा जास्त किंमत आहे. आपल्या वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर मात्र जागेची वाटणी नेमकी उलट असते.

डोंगराच्या पलीकडे, आष्टीच्या बाजूने जाणाऱ्या अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्गाचे उदाहरणही येथे घ्यायला हवे. तिसगाव त्या मार्गावर नाही, पण निधीची भाषा शेवटी कुठे नेऊन पोचवते हे तो मार्ग दाखवतो. २६१ किलोमीटरचा हा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला, तेव्हा खर्चाचा अंदाज ३५३ कोटी रुपयांचा होता. पुढे तो ४,८०५ कोटींवर गेला, आणि निम्मा वाटा राज्य शासनाने उचलायचे ठरले. आष्टीपर्यंतची ६६ किलोमीटरची गाडी सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाली, बीडपर्यंतची १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तीस वर्षे लोक 'यंदा किती निधी' हे विचारत राहिले आणि दरवर्षी त्यांना काही ना काही आकडा मिळत राहिला. निधी दरवर्षी येत होता आणि गाडी येत नव्हती. उशिराची कारणे भूसंपादन, महागाई, केंद्र-राज्य वाटणी अशी अनेक आहेत, आणि ती खोटी नाहीत. पण ठरलेल्या वर्षी ठरलेल्या स्टेशनापर्यंत गाडी नेण्याचा हिशेब मागितला गेला असता, तर निदान कोणत्या वर्षी कोणामुळे काम थांबले, हे त्या त्या वर्षीच नोंदले गेले असते. आजही चर्चा आहे ती रूळ किती किलोमीटर पडले याची. रोज किती गाड्या, कोणत्या वेळी, आणि त्या सकाळी कामावर जाणाऱ्याच्या उपयोगाच्या आहेत का, हा प्रश्न मागेच आहे.

५

या विवेचनावर तीन आक्षेप संभवतात. त्यांचा विचार करणे भाग आहे, कारण ते पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप असा की फेरीनिहाय हिशेब उघडा केला तर तोट्यातल्या फेऱ्या उघड्या पडतील आणि कोणीतरी त्या बंद करायला सांगेल. आज त्या अंधारात आहेत म्हणून तरी तगून आहेत. ही भीती खरी आहे. पण अंधारात तगलेली फेरी अंधारातच मरते, हेही खरे. ती बंद झाल्याचे कोणाला सांगावे लागत नाही. उघड हिशेबात तोट्याच्या रकमेपुढे लिहावे लागेल, की ही फेरी सामाजिक गरज म्हणून चालते आणि तिचा तोटा शासन भरून देते. युरोपीय संघात २००७ पासून यासाठी स्वतंत्र विनियम आहे. लोकसेवा म्हणून चालवायच्या वाहतुकीचा मोबदला कराराने ठरवायचा आणि त्याचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध करायचा, असे त्याने बंधन घातले. लंडनमध्ये बस चालवणाऱ्या कंपन्यांना धावलेल्या अंतरावर पैसे मिळतात. त्यांच्या चुकीने न धावलेल्या अंतराचे पैसे कापले जातात, आणि किती अंतर बुडाले हे आकडे लोकांना पाहता येतात. तिकडची श्रीमंती आपल्याकडे नाही, पण ही वही ठेवायला श्रीमंती लागत नाही.

दुसरा आक्षेप यंत्रणेचा. इतका बारीक हिशेब ठेवणे महामंडळाला जमेल का? तो ठेवला जातोच. वाहकाच्या हातातल्या तिकीट यंत्रात प्रत्येक फेरीचे, प्रत्येक टप्प्याचे तिकीट नोंदले जाते. आगारात नियतांची यादी असते, रद्द किलोमीटरची नोंद असते. शिवाय महामंडळ जेव्हा दुसऱ्याकडून गाड्या भाड्याने घेते तेव्हा किलोमीटरचा हिशेब चोख ठेवावाच लागतो, कारण पैसे त्यावर द्यायचे असतात. २०२३ मध्ये विजेवरच्या ५,१५० गाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचे ठरले. त्या ठरल्या वेळी आल्या नाहीत, आणि मे २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांना तो करार रद्द करण्याचे निर्देश द्यावे लागले. ठेकेदाराने वेळापत्रक मोडले हे लगेच दिसले, कारण वेळापत्रक करारात लिहिलेले होते. गावाशी झालेल्या अलिखित कराराचे वेळापत्रक मोडते तेव्हा ते कोणाला दिसत नाही, एवढाच फरक.

तिसरा आक्षेप कर्मचाऱ्यांच्या बाजूचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. गाड्याच कमी, त्याही जुन्या. अशा वेळी रद्द फेऱ्यांची यादी लावली की प्रवाशांचा राग समोर असलेल्या चालक-वाहकावर आणि वाहतूक नियंत्रकावर निघेल. २०२१ च्या दिवाळीत सुरू झालेला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेला संप ज्यांनी जवळून पाहिला, त्यांना हा मुद्दा समजावून सांगायला नको. म्हणूनच यादीत फेरी रद्द झाल्याचे कारणही असले पाहिजे. गाडी नादुरुस्त होती, चालक नव्हता, की गाडी दुसरीकडे पाठवली होती? आषाढीला पंढरपूरसाठी जादा गाड्या सुटतात. लग्नसराईत आणि सरकारी मेळाव्यांसाठी प्रासंगिक करारावर गाड्या जातात. प्रासंगिक कराराचे उत्पन्न वहीत जमा होते. त्यासाठी कोणत्या गावाची फेरी बुडाली हे त्याच पानावर लिहिले, तर जबाबदारी वाहकाच्या खांद्यावरून उतरून ज्याने गाडी वळवली त्याच्या टेबलावर जाईल. उघडा हिशेब हे कर्मचाऱ्याचेही संरक्षण आहे.

६

यासाठी नवा कायदा लागत नाही. जो आहे तो पुरेसा आहे, आणि त्याची मुळे याच जिल्ह्यात आहेत. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकारासाठी केलेली आंदोलने महाराष्ट्राच्या कायद्यामागे होती. २००५ चा केंद्रीय कायदा त्यानंतरचा. या कायद्याचा उपयोग आपण बहुधा अर्ज करण्यापुरता करतो. एक नागरिक, एक अर्ज, एक उत्तर, आणि ते उत्तर त्या नागरिकाच्या फायलीत. पण कायद्याचे कलम ४ म्हणते की कोणी न मागताही कार्यालयांनी काही माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे. त्यात प्रत्येक यंत्रणेला दिलेले अंदाजपत्रक आहे, आणि अनुदानाच्या कार्यक्रमांची अंमलबजावणी कशी होते, त्यांवर किती रक्कम ठेवली आणि लाभ कोणाला मिळाला, हेही आहे. एसटीच्या सवलती हा अनुदानाचाच कार्यक्रम आहे. त्यांचा आगारनिहाय आणि मार्गनिहाय तपशील मागण्यासाठी अर्जाची वाट पाहायला लावणे हे कलमाच्या हेतूशी विसंगत आहे.

राजस्थानात १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई सुरू केल्या, त्यातून शिकण्यासारखे आहे. त्यांनी केले ते असे. विकासकामांची हजेरीपत्रके आणि बिले मिळवली आणि ज्या गावच्या कामाची ती होती, त्या गावात मोठ्याने वाचून दाखवली. हजेरीपत्रकात नाव आहे तो माणूस समोर बसलेला असे आणि मी तिथे कामाला गेलोच नव्हतो, असे सांगत असे. कागद खरा की खोटा याचा निवाडा ज्याच्याविषयी तो लिहिला होता त्याच्यासमोर वाचल्याने झाला. पुढे राष्ट्रीय रोजगार हमीच्या कायद्यात ग्रामसभेने करायच्या सामाजिक लेखापरीक्षणाची तरतूद आली. मग वाहतुकीच्या सेवेचे सामाजिक लेखापरीक्षण का नसावे? गेल्या वर्षात या थांब्यावर किती फेऱ्या ठरल्या होत्या, किती आल्या, हे ग्रामसभेत वाचून दाखवले तर त्यावर बोलायला कोणालाही अर्थशास्त्र शिकावे लागणार नाही.

मागणी करायची तर ती इतकी लहान आणि नेमकी असावी. प्रत्येक आगाराने दर महिन्याला प्रत्येक थांब्यावर एक कागद लावावा. त्यात पाच रकाने असावेत: ठरलेल्या फेऱ्या, धावलेल्या फेऱ्या, रद्द झाल्याचे कारण, सवलतीपोटी शासनाकडून येणे असलेली आणि मिळालेली रक्कम, आणि तक्रार कोणाकडे करायची त्या अधिकाऱ्याचे पद. अहिल्यानगर विभागात तारकपूर, शेवगाव, पाथर्डी, जामखेड धरून ११ आगारे आहेत. एका आगाराने वर्षभर हे करून पाहिले तरी पुरे. महामार्गाबाबत याच धर्तीचा कागद असावा. या टप्प्याचे काम कोणाकडे, संपवायची मूळ तारीख कोणती, मुदतवाढ किती वेळा आणि कोणी दिली, दंड किती लावला? आज रस्त्याकडेच्या फलकावर योजनेचे नाव आणि मान्यवरांची छायाचित्रे ठळक असतात. मुदतवाढीची तारीख मात्र त्यावर सापडत नाही.

असे कागद लागले म्हणून दुसऱ्या दिवशी गाड्या वाढणार नाहीत. पैशांची चणचण राहील, गाड्यांची टंचाईही राहील. पण टंचाईत कोणाच्या वाट्याला काय आले हे दिसू लागेल, आणि वाटणी दिसू लागली की तिच्याविषयी भांडता येते. लांब पल्ल्याच्या फायद्याच्या गाड्या चालू ठेवून आडगावची फेरी कापायची असेल, तर तो निर्णय कोणीतरी सही करून घ्यावा लागेल. कदाचित तो निर्णय योग्यही असेल. मग त्या आडगावच्या मुलींसाठी दुसरी काय सोय केली, हे त्याच सहीखाली लिहावे लागेल. १९५० च्या कायद्याने पुरेशी सेवा आणि व्यावसायिक तत्त्वे यांच्यातला जो ताण शासनाच्या आणि विधिमंडळाच्या हवाली केला होता, तो तेव्हा पुन्हा त्याच्या जागी जाईल.

आपल्याकडे पाडव्याला नवी वही उघडतात. तिच्या पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहितात, आणि व्यापारी कितीही भाविक असला तरी मागच्या वर्षाची बाकी पुढे ओढल्याशिवाय नव्या पानावर जात नाही. सार्वजनिक वाहतुकीच्या वहीत दरवर्षी नवे पान उघडले जाते आणि त्यावर नव्या निधीचा आकडा लिहिला जातो. मागच्या वर्षी न धावलेल्या फेऱ्यांची बाकी त्यावर पुढे ओढलेली नसते. ती बाकी ज्यांची आहे ती माणसे तिसगावच्या, करंजीच्या, निवडुंग्याच्या थांब्यांवर उभी आहेत. ती वही वाचायला मागण्याचा हक्क त्यांना कायद्याने दिलेला आहे, आणि तो वापरायचा की नाही हे आता ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ठरायचे आहे.